पुलाखालचं राज्य

२ सप्टेंबर

पूल सुरू झाला. परवा. फीत नाही, नारळ नाही. सकाळी कुणीतरी रस्त्यावर आडवे ठेवलेले ड्रम बाजूला केले आणि गाड्या वरून जायला लागल्या. एवढंच!

खाली चौकात बापूजींचं विजय हॉटेल. माझे सासरे म्हणजे तळेगावच्या चौकातले बोंडेवाले बापूजी. लग्नात माझ्या वर्ध्याच्या मामाने स्थळाची चौकशी केली, तर लोकांनी मुलाबद्दल काही सांगितलंच नाही, नुसतं बोंड्याबद्दल सांगितलं. नागपूर-अमरावती रस्त्यावरची गाडी इथे थांबायची म्हणजे थांबायचीच. ड्रायव्हरला चहा फुकट, बाकीच्यांना आलूबोंडा, वर गरम कढी.

आज पोळा, म्हणून बापूजींनी जास्तीचे आलू उकडले. आणि गाड्या डोक्यावरून गेल्या. एकामागे एक. आम्ही सगळे माना वर करून बघत होतो. माझा नवरा प्रफुल म्हणाला, "विमानतळावर उभं असल्यासारखं वाटून राह्यलं." वडिलांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो तहसीलातला कारकून आहे हे विसरून पुन्हा चौथीतला पोट्टा झाला.

जेवायला पुरणपोळी आणि बोंडे.

३ सप्टेंबर

तान्हा पोळा. लाकडी नंदी घेऊन आलेल्या प्रत्येक पोराच्या हातावर बोंडा. पोरं खूष. बापूजी नाहीत.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. वर्गातल्या मुलींनी मला पेन दिला. मी त्यांना बोंडे दिले.

९ सप्टेंबर

वर्ध्याहून फोन. तिथल्या व्याख्यानमालेत मला बोलावलंय! जानेवारीत. विषय — 'साम्राज्ये का कोसळतात? इतिहासाची पुनरावृत्ती होते का?' इतकी वर्षं ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते आहे, पण मुलांशिवाय कुणी माझं ऐकून घ्यायला स्वतःहून येईल, ही पहिलीच वेळ. (मुलं तरी कुठे स्वतःहून येतात.)

प्रफुलला सांगितलं. "भाषण द्यायले वर्धेले काऊन जाऊन राह्यली? घरी रोज देतंच की."

शाल्मलीला सांगितलं. लेक आर्वीला सायन्सला आहे. तिने मोबाइलमधून डोकं न काढता विचारलं, "आई, त्यात उत्तर एकच असते का ऑप्शन असते?"

बापूजींना सांगितलं. ते पीठ भिजवत होते. "कोसळते मंजे? कोणाचं?"

"रोमचं, मोगलांचं. आपल्याकडच्या वाकाटकांचं."

"हां," ते म्हणाले. म्हणजे ओळखीपैकी कुणी नाही.

२१ सप्टेंबर

साम्राज्य कोसळण्याची कारणं रोज नवी सापडताहेत. एकजण म्हणतो, नाण्यातली चांदी कमी केली म्हणून. दुसरा म्हणतो, सरहद्दी फार लांबल्या. तिसरा म्हणतो, राजपुत्र नालायक निघाले. चौथा हवामानावर ढकलतो. वाचताना प्रत्येकाचं पटतं! दुपारपर्यंत मी एका पक्षात असते, चहानंतर दुसऱ्या.

संध्याकाळी हॉटेलात जाऊन बसले. एक ट्रकवाला, एक मोटारसायकल. बापूजी झारा हातात घेऊन पुलाकडे बघत होते. मी म्हटलं, "बापूजी, पुलाच्या पलीकडे, जिथे गाड्या उतरतात तिथे एक छोटी टपरी टाकली तर?"

"मी तठी जाऊ?" ते म्हणाले. "लोक माह्या बोंड्यासाठी पूल उतरून येतीन. पाहजो तू."

मग दर थोड्या वेळाने नुसतंच, "येतीन, येतीन."

५ ऑक्टोबर

बापूजींनी बोर्ड केला. साधासुधा नाही! पुलावरून दिसेल असा. आर्वीच्या पेंटरकडून. पिवळ्यावर लाल — 'खरा बोंडा खाली आहे.' खाली बाण. बाण जरा जास्तच खाली गेला, त्यामुळे बोर्ड वाचणाऱ्याला बोंडा जमिनीत पुरलाय असं वाटतं.

मी टिपणात लिहून ठेवलं: राज्य घसरणीला लागलं की इमारती मोठ्या होतात. कुठे वाचलं ते आठवत नाही, पण घरात दिसलं.

शाल्मलीने हॉटेल मोबाइलच्या नकाशावर टाकलं. तिच्या मैत्रिणींनी न खाताच पाच-पाच तारे दिले. बापूजींनी तारे मोजून घेतले आणि विचारलं, "हे लोक कुठी आहेत?"

९ ऑक्टोबर

वारा. बोर्ड गेला. सापडला तो वावरात, उताणा. बाण आभाळाकडे.

१८ ऑक्टोबर

बारावीची चाचणी. 'साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे लिहा.' मिहिरने लिहिलं, "राजे लोक आजारी पडत असत व त्या काळी दवाखाने दूर होते." एकाने पाठ केलेलं दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर लिहिलं, इतकं सुंदर की अर्धे गुण द्यावेसे वाटले.

रुपा उईकेने लिहिलं, "राजाला वाटते आपण नसलो तर सूर्य उगवणार नाही. आणि सूर्य रोज उगवतो म्हणून राजा चिडत जातो." तिला पूर्ण गुण. खाली लिहिलं — तारखा कुठे आहेत?

वर्गात विचारलं तर म्हणाली, "मॅडम, तारखा लिहिल्या असत्या तर हे सुचलं नसतं."

२ नोव्हेंबर

पाडवा. दिवाळीची गर्दी पुलावरून गेली. खूप गाड्या होत्या, आवाज तेवढा खाली येत होता.

प्रफुलने वडिलांसमोर विषय काढला. हॉटेल बंद करा, आता आराम करा, गावात सगळे म्हणून राह्यले. बापूजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळे मंजे कोण? एकाचं नाव सांग." बैठक संपली.

६ डिसेंबर

आज मोठं काम केलं. डोमाजींना भेटले.

हे डोमाजी म्हणजे बापूजींच्या आधीचे बोंडेवाले. जुन्या बाजारात, आष्टी रस्त्याला, त्यांचं हॉटेल होतं. बस तिथे थांबायची. मग बसस्टॉप चौकात आला. बापूजी तेव्हा तरुण, डोमाजींचे जिवलग दोस्त. त्यांनी चौकात जागा धरली. डोमाजींचं हॉटेल वर्षभरात बसलं. तेव्हापासून बोलणं बंद. दोघं एकाच गावात, एकाच देवळात, एकाच डॉक्टरकडे. बोलणं नाही. लग्नानंतर मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं — या घरात दोन गोष्टी चालत नाहीत, शिळा आलू आणि डोमाजीचं नाव.

पण व्याख्यानाला पुनरावृत्ती पाहिजे ना! मग गेले. म्हातारे अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"बापूजीची सून ना तू? बस. पाठवलं का त्यानं?"

"नाही काकाजी. मीच आले. इतिहासासाठी."

"इतिहासासाठी." त्यांना ते फार आवडलं. दोनदा म्हणून पाहिलं.

मी विचारलं, बसस्टॉप हलला तेव्हा तुम्हीही चौकात का नाही गेलात? सगळ्यांना दिसत होतं ना?

"सगळ्यांले दिसत होतं. मले बी दिसत होतं." शेंग सोलली. "पण मले वाटे, लोक माह्या बोंड्यासाठी पायी येतीन. थोडासाच तं रस्ता होता."

मी लिहायची थांबले.

"काऊन थांबली?"

मग सांगितलं, बापूजी काय म्हणतात ते. पुलाचं. शब्दाला शब्द. डोमाजी हसतील असं वाटलं होतं. इतक्या वर्षांचं वैर, मनातून उकळ्या फुटतील. ते हसले नाहीत. सोललेले दाणे वाटीत टाकायचे ते टरफलांत टाकले.

"आले का लोक?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"येत नाई," ते म्हणाले. "काही राग नसते त्यायच्या मनात. फक्त येत नाई."

परत येताना स्कूटीवर मी मोठ्याने एक वाक्य बोलून पाहिलं: 'इतिहासाची पुनरावृत्ती होत नाही, माणसांची होते.' काय वाक्य आहे! टाळ्या नक्की.

७ डिसेंबर

वाक्य शाल्मलीला ऐकवलं. "व्हॉट्सॲपवर आलेलं वाटते."

१४ डिसेंबर

वर्गाची सहल, पवनार. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं बरेच अभ्यासक मानतात. एक छोटी गाडी पुरली, तेवढीच मुलं. बरं झालं, मोठ्या गटात कुणी ऐकत नाही.

धाम नदीच्या काठावर उभं राहून मी सांगितलं — इथे राजधानी होती. अर्ध्या दख्खनवर सत्ता. आणि त्यांचा शेवटचा मोठा राजा हरिषेण गेल्यावर थोड्याच काळात सगळं पुसलं गेलं.

रुपाने इकडेतिकडे पाहिलं. "कुठी होती मॅडम?"

"तू उभी आहेस ना, इथेच कुठेतरी."

"मंग चप्पल काढू का?"

काढलीही. बाकीची पोरं हसली, मग एकेकाने काढली. गार खडकावर आम्ही सगळे अनवाणी. मिहिरने फोटो काढला. मग रुपा म्हणाली, "आमचे बी राजे होते मॅडम. गोंड राजे, देवगडचे. आजा सांगते. त्यायचं बी असंच झालं का?"

"असंच."

"मंग बरं," ती म्हणाली. "मले वाटलं फक्त आमचंच झालं."

दुपारी केळझरला गणपतीचं दर्शन. जुन्या किल्ल्याची माती, वर देऊळ. किल्ला कुणाचा होता हे विचारायला कुणी येत नाही, गणपतीपुढे मात्र रांग. टिपण: राजा जातो, प्रसाद राहतो. हे वाक्य शाल्मलीला ऐकवणार नाही.

२८ डिसेंबर

झालं. शाल्मलीने जेवताना फोडलं. "आजोबा, आईच्या भाषणात तुम्ही आहे. रोमच्या नंतर."

बापूजींचा घास थांबला.

मी सावरायला गेले — तसं नाही बापूजी, नाव नाही घेणार, उदाहरण म्हणून फक्त. 'उदाहरण' हा शब्द इतका वाईट आहे हे मला आजवर माहीत नव्हतं.

"आणि डोमाजी आजोबा बी आहेत," लेक म्हणाली. हिला सायन्सला घालून चूक केली, वकिलीला घालायची होती.

बापूजी ताटावरून उठले नाहीत. ते अन्नावरून उठत नाहीत. सावकाश जेवले, हात धुतला, टॉवेलला पुसला. मग म्हणाले, "जिवंत माणसाले इतिहासात घालून राह्यली का सूनबाई? मेल्यावर घालजो. मले काही हरकत नाई."

१ जानेवारी

नवीन वर्ष. बापूजी माझ्याशी बोलत नाहीत. चहा देतात, पण कप टेबलावर ठेवून. हातात नाही.

५ जानेवारी

हॉटेलवर गेले. माफी मागायची होती. गिऱ्हाईक नव्हतं. बापूजी तरीही तळत होते. पूर्ण घाणा. मी विचारलं, "कुणासाठी?"

मला वाटलं उत्तर मिळणार नाही. मिळालं. "तेल गरम होतं," ते म्हणाले.

माफी तशीच राहिली. बोंडा खाऊन आले. गंमत अशी की बोंडा पहिल्यासारखाच आहे. त्यात काही बिघडलेलं नाही. पुस्तकांतली सगळी कारणं आतून कुजण्याची. न कुजता गेलेल्यांचं काय? भाषणात हे घालू का? पण मग मुद्दा कुठे जाईल?

१२ जानेवारी

भाषणातून हॉटेल काढलं. डोमाजी काढले. उरलं काय? रोम, मोगल, वाकाटक. कुणाचं मन दुखणार नाही. कुणी जागंही राहणार नाही.

प्रफुल म्हणाला, "रोमवाल्यायची बी सून असन ना कोणीतरी." शहाणा!

१९ जानेवारी

आज व्याख्यान झालं. सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या स्वतःच्या सोयीने बदलून टाकेन.

सभागृह लहान, भरलेलं. पांढरे केस, स्वेटर, मफलर. मी माईकपाशी गेले आणि पहिल्या रांगेत बापूजी. कडक नेहरू शर्ट, टोपी, मांडीवर पिशवी. कुणाला न सांगता एसटीने आले होते. सकाळी हॉटेल बंद ठेवून! माझ्या माहितीत ते हॉटेल दोनदाच बंद राहिलं — सासूबाई गेल्या तेव्हा, आणि करोनात.

बोलले. रोम सांगितलं, नाण्यातली चांदी सांगितली, लांबलेल्या सरहद्दी. पवनार सांगताना रुपाच्या चपलांची गोष्ट आपोआप आली, लोक हसले, मग शांत झाले. हॉटेलचं एक अक्षर नाही. शेवटी ते वाक्य. टाळ्या. खरंच वाजल्या!

प्रश्नोत्तरं. एका निवृत्त गृहस्थांनी प्रश्न म्हणून स्वतःचं भाषण केलं. दुसऱ्यांनी आजच्या महासत्तांचं विचारलं, मी गोलमोल उत्तर दिलं. मग पहिल्या रांगेतून हात वर.

मला वाटलं, आता संपलं.

बापूजी उभे राहिले. माईक घेतला नाही. हॉटेलातला आवाज आहे, चौकापलीकडे जातो.

"मॅडम," ते म्हणाले. मला. मॅडम! "तुम्ही राज्य काऊन गेलं ते सांगितलं. बराबर आहे. पण राज्य गेल्यावर तो राजा सकाळी उठून काय करते?"

लोक हसले. छान प्रश्न म्हणून हसले, वाईट नाही. मीही हसले, सवयीने. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते वाट बघत होते. मला टोमणा मारायला आले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. इतक्या लांब, एसटीने, शिकलेल्या सुनेकडे.

मी काय म्हणाले? "इतिहासात याची नोंद सापडत नाही."

"अच्छा," म्हणाले आणि बसले.

परतीच्या बसमध्ये शेजारी बसलो. बापूजींनी पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढली, माझ्या हातात दिली. हातात! आर्वी आल्यावर म्हणाले, "चांगलं झालं तुह्यं भाषण. कोणी झोपलं नव्हतं. ते निळ्या मफलरवाले सोडून."

"बापूजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला—"

"माहीत आहे. तुले नाई माहीत."

मी पुडी उघडून त्यांच्यापुढे धरली. मग मी म्हटलं, "एकाला माहीत असेल."

त्यांनी नाव विचारलं नाही.

२२ जानेवारी

काहीच नाही. फक्त आज बापूजींनी दाढी केली, बुधवार असून. एरवी रविवारीच करतात.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आले तर बापूजी दारात तयार. "स्कूटी काढ." कुठे ते सांगितलं नाही. जुन्या बाजाराच्या वळणावर मागून नुसता हात दाखवला, डावीकडे.

डोमाजी अंगणातच होते. बापूजी फाटकाशी थांबले. आत जाईनात. मी मध्ये उभी, दोन राष्ट्रांमधल्या दुभाष्यासारखी. शेवटी डोमाजी मला म्हणाले, "त्याले सांग, फाटक ढकलाव लागते. आपोआप उघडत नाई."

बापूजी आत आले. बसले. तूर, थंडी, ऊस, गुडघे. सगळ्यांवर बोलणं झालं. वैराबद्दल शब्द नाही. मग बापूजींनी तोच प्रश्न विचारला. या वेळी राजा वगैरे नाही. "डोमा, हॉटेल गेल्यावर तू सकाळी उठून काय करे?"

डोमाजींनी हातातली तुरीची शेंग खाली ठेवली.

"पहिल्या वर्षी तं जाग त्याच वेळेले येते. अंधारात. उठून बसे मी. काय कराव समजत नाई. चूल पेटवाची नाई, आलू उकडाचे नाई. मंग म्हशीशी भांडे. दूध कमी काऊन देतं म्हणून. ती बी कटाळली. मंग एक दिवस जाग आली तं उजाडलं होतं." त्यांनी शेंग परत उचलली. "त्या दिवशी लय रडलो मी. झोप लागली म्हणून."

बापूजी खाली बघत होते. मी तुरीच्या टरफलांकडे.

"आणि मंग?"

"मंग काय. मंग झोप आवडाले लागली."

हसायला आलं तिघांनाही. मग डोमाजी म्हणाले, "एक गोष्ट सांगाची होती तुले. तुह्या बोंड्यात ओवा जास्त असते."

बापूजी ताठ झाले. "तुले काय माहीत? तू तं कधी पायरी चढला नाई माह्यी."

"चढलो नाई. मागवत होतो."

"कोणाकडून?"

"कोणाकडूनही. दर बाजाराले. इतके वर्ष. कढी बी."

बापूजींच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला लिहिता येणार नाही. मी इतिहासाची आहे, साहित्याची नाही. मग ते एवढंच म्हणाले, "मंग ओव्याचं आधी सांगाचं ना बे."

९ फेब्रुवारी

हॉटेल बंद. बापूजींनी स्वतः ठरवलं. सकाळी कढई घासली, उलटी घातली आणि प्रफुलला म्हणाले, "पत्रे काढाले माणसं सांग." प्रफुल, जो दिवाळीपासून हेच मागत होता, मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. डोळे पुसायला वर्तमानपत्र घेतलं.

कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. पूल आहे तिथे आहे. पूल बनवणाऱ्यांना विजय हॉटेल खाली होतं हे ठाऊकही नसेल.

माझ्या व्याख्यानाची बातमी पेपरात आली. माझ्या नावाचं, वेदश्रीचं, 'देवश्री' केलंय.

१६ फेब्रुवारी

बापूजींना अंधारातच जाग येते. आज शेजारच्या कुत्र्याशी भांडताना सापडले.

१४ मार्च

धुळवड. डोमाजी रंग लावायला घरी आले! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बापूजींच्या गालाला जेमतेम बोट लावलं, जणू रंग महाग आहे. मग दोघं ओसरीवर बसून ओव्यावर भांडले. बापूजी म्हणतात, ओव्याशिवाय पोट धरते. डोमाजी म्हणतात, ज्याचं पोट धरते त्यानं खाऊ नये. शेवटी बापूजी तावात आत गेले, लहान कढई काढली. दोन प्रकारचे बोंडे झाले. मत द्यायला आम्हाला बसवलं. प्रफुलने दोन्हीकडे मत दिलं. तहसीलात मुरलाय.

शाल्मली मात्र चक्क म्हणाली, "बिना ओव्याचा भारी आहे." बापूजींनी नातीकडे पाहिलं, आणि तिच्या ताटात बिना ओव्याचा अजून एक टाकला. मला वाटतं तलवार खाली ठेवणं म्हणतात ते हेच.

३० मार्च

गुढीपाडवा. जुन्या बाजारात, डोमाजींच्या फाटकाला लागून, एक कढई आणि एक लाकडी बाक. फक्त बाजाराच्या दिवशी. बोर्ड नाही, नाव नाही. डोमाजी तळतात, बापूजी कढी वाढतात आणि गिऱ्हाइकांना सांगतात, चौकात असताना याहून चांगला होता. डोमाजी म्हणतात, त्याच्या आधी त्याहून चांगला होता.

रुपा परीक्षा संपवून आईसोबत बाजाराला आली होती. दोन बोंडे खाल्ले. म्हणाली, "मॅडम, राजे चांगले दिसून राह्यले."

१६ एप्रिल

प्राचार्यांचा निरोप — उद्या भेटा. व्याख्यानाचं कौतुक असणार! उशिरा का होईना, पोचलं त्यांच्यापर्यंत. निळी साडी इस्त्री करून ठेवली.

१७ एप्रिल

पुढच्या वर्षीपासून कला शाखा बंद. मुलंच येत नाहीत. प्राचार्य फार चांगलं बोलले, पाणी विचारलं. मी सरप्लस. कुठे पाठवतील ते ठरायचंय.

घरी न जाता जुन्या बाजारात गेले. बाजाराचा दिवस नव्हता, तरी बापूजी तळत होते, डोमाजी बाकावर. सांगितलं. डोमाजी बाकावर थोडे सरकले. बापूजींनी झारा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तेल गरम आहे."